मोटरहोमच्या तोंडावर चिकटलेले किडे: घासू नका, भिजवा

दिवसभराचा पल्ला मारून मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, मुक्कामाला लागली की आपण आधी आतलं बघतो. कुठलं कपाट उघडलं, काय सांडलं, टाकीत पाणी किती उरलं. गाडीच्या पुढे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर कुणीतरी सहज पुढे जातं आणि म्हणतं, "अरे, हे काय झालंय!" पांढऱ्याशुभ्र तोंडावर शेकडो ठिपके. काही पिवळट, काही तपकिरी, कुठे नुसताच एक पंख चिकटून वाऱ्यावर थरथरतोय. मग बादली येते, घासणी येते आणि माणूस इरेला पेटतो.

मीही पेटलो होतो. पहिल्याच लांबच्या प्रवासानंतर भांडी घासायच्या स्पंजची हिरवी, खरखरीत बाजू घेतली आणि गाडीच्या कपाळावर, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागावर, पाच मिनिटं जोर काढला. किडे निघाले. मी खूश. गाडी वाळल्यावर तिथे तळहाताएवढा निस्तेज पट्टा उमटला. समोरून बघितलं तर काही कळत नाही, पण सूर्य बाजूला असला की तो हमखास दिसतो. नंतर पॉलिश करून पाहिलं, थोडा फिकट झाला, गेला नाही. किडे तर नुसत्या साबणाच्या पाण्यानेही निघाले असते.

त्या पट्ट्याने मला हा विषय शिकवला. किडा गाडीला नेमका कशाने चिकटतो हे एकदा कळलं की तो काढायचा कसा, हे फारसं वेगळं सांगावं लागत नाही.

चिकटतं ते काय असतं

आपलं रक्त नळ्यांतून फिरतं. किड्यांचं तसं नाही. त्यांच्या शरीराची पोकळीच रक्ताने भरलेली असते आणि आतले अवयव त्यात बुडालेले असतात. या द्रवाला हिमोलिम्फ म्हणतात. त्यात पाणी, क्षार, साखर, मेद आणि भरपूर प्रथिने असतात. प्राणवायू पोचवायचं काम बहुतेक किड्यांमध्ये रक्ताकडे नसतंच, ते हवेच्या बारीक नळ्या करतात. त्यामुळे हा द्रव लाल नसतो. तो रंगहीन, पिवळट किंवा हिरवट असतो. काचेवर लालभडक ठिपका दिसला तर बहुधा तो नुकत्याच पोटभर जेवलेल्या डासाचा असतो, आणि ते रक्त त्याचं नव्हे, दुसऱ्याच कुणाचं तरी.

आता खरी गंमत. किड्याचं कवच फुटलं की आतला सगळा द्रव वाहून जायचा धोका असतो. मलमपट्टी करायला कुणी नाही. म्हणून त्याच्या रक्तातच सोय असते: हवा लागली, जखम झाली, की ते गोठायला लागतं आणि फिनॉलऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, काळपट होत जातं. तयार होतं ते मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना काळा रंग देणाऱ्या रंगद्रव्याच्याच कुळातलं. कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं, त्यामागची रसायनक्रिया याच्याच जवळची आहे.

म्हणजे गाडीवर जे चिकटलंय ते किड्याचं जखम बुजवायचं मलम आहे. घट्ट होऊन भोक बंद करणं हेच त्याचं काम. ते काम ते तुमच्या बंपरवर इमानेइतबारे करतं.

त्यात रुतलेले असतात कवचाचे तुकडे, पाय, पंख. हे कायटिनचे असतात. कायटिन पाण्यात विरघळत नाही, साबणात विरघळत नाही, आपल्या हाताशी असलेल्या कशातच विरघळत नाही. पण त्याची गरजही नाही. पाय-पंख स्वतः चिकटत नाहीत, ते मलमात अडकलेले असतात. मलम सुटलं की ते पाण्याबरोबर वाहून जातात. तिसरा घटक म्हणजे चरबी. काचेवर वायपर फिरवल्यावर जो धुरकट, तेलकट पडदा पसरतो, तो मुख्यतः तिचा.

या सगळ्यावर ऊन पडलं की काय होतं? पाणी उडून जातं. प्रथिनांच्या घड्या उलगडून त्यांचा एकमेकांत गुंता होतो. अंडं उकडल्यावर पांढरं पुन्हा पातळ होत नाही, तसंच काहीसं. सुकताना तो थर आकसतो आणि खालच्या रंगाला धरून ओढतो. त्याच वेळी उन्हाने रंगावरचा पारदर्शक थर किंचित मऊ पडलेला असतो. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. वर सडणाऱ्या अवशेषांची आम्लता वाढत जाते. अमेरिकेच्या दक्षिणेत लव्हबग नावाच्या जोडीने उडणाऱ्या माश्यांचे थवे मे आणि सप्टेंबरच्या सुमारास महामार्गांवर येतात आणि गाड्यांची तोंडं काळी करतात. त्यांचा चिरडलेला अवशेष ताजा असताना जवळजवळ उदासीन असतो, पीएच ६.५ च्या आसपास. एक दिवस तसाच ठेवला तर तो ४.२५ पर्यंत उतरतो. पीएचच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, आणि आकडा उतरला की आम्लता वाढते, तेव्हा ती शंभरपटीहून जास्त झाली. "उद्या धुऊ" या दोन शब्दांची किंमत ती.

मोटरहोमलाच एवढे का

साध्या मोटारीचं बोनेट आणि काच उतरती असते. येणारी हवा तिच्यावरून घसरत वर जाते, अगदी हलकी चिलटं हवेबरोबर वळून निसटतात आणि जी आदळतात तीही तिरपी आदळतात. मोटरहोमचं तोंड म्हणजे भिंत. आकाराने कितीतरी मोठी आणि बरीचशी उभी. किडा हवेपेक्षा खूप जड असल्याने हवा वळली तरी तो सरळच येतो आणि पूर्ण जोराने आपटतो.

वेगाचं गणित सोपं आहे. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण धडकेची ऊर्जा दीडपटीहून जास्त. कमी वेगात काही किडे आपटून अख्खेच खाली पडतात. जास्त वेगात फुटतात, आणि फुटला की मलम बाहेर. संध्याकाळी, पाण्याच्या कडेने, दिवे लावून वेगात जाणं म्हणजे या कामाला आमंत्रण. मात्र किड्यांसाठी कुणी प्रवासाची वेळ बदलत नाही, मीही बदलत नाही.

एक तोंड, अनेक कातडी

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. लोक विचारतात, "किड्यांसाठी काय वापरू?" खरा प्रश्न असतो, "कशावरच्या किड्यांसाठी?" मोटरहोमचा पुढचा भाग दिसायला एकसंध असला तरी एका हाताच्या अंतरात चार वेगवेगळे पदार्थ भेटतात.

खाली ड्रायव्हरच्या केबिनचा पत्रा असतो. त्यावर मोटारीसारखा रंग आणि वर पारदर्शक थर. बंपर प्लास्टिकचा, कधी रंगवलेला तर कधी तसाच राखाडी, खरबरीत. वरचं कपाळ आणि पुढचं आवरण बऱ्याचदा फायबरग्लासचं, आणि त्यावर जेलकोट, म्हणजे रंगीत राळेचा चकचकीत थर. जेलकोट हा रंगापेक्षा जाड असतो, साधारण अर्धा मिलिमीटर, त्यामुळे तो दणकट वाटतो. पण उन्हाने तो जुना होत जातो, हात फिरवला की बोटाला पांढरी पूड लागते. अशा पूड धरलेल्या, खडबडीत जेलकोटमध्ये किड्यांचा डाग मुरतो. माझा पट्टा जेलकोटवरच आहे.

मग काच. पुढची काच खरी काच असते, पण कपाळावरची छोटी खिडकी, बाजूच्या खिडक्या, छतावरचं झाकण ही बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असतात. हेडलाइटचं भिंग पॉलिकार्बोनेटचं, वर एक संरक्षक लेप. ही दोन्ही प्लास्टिकं काचेसारखी दिसतात आणि काचेसारखी वागवली की सूड घेतात. ॲक्रिलिकवर अल्कोहोल, थिनर किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे मारला तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडू शकतात. त्या आत खोलवर जातात, त्यामुळे पॉलिशने जात नाहीत. खिडकी काचेची की ॲक्रिलिकची ही शंका असेल तर नखाने वाजवून बघा. काच टणक, थंड आवाज देते, ॲक्रिलिक बोदा. तरीही खात्री नसेल तर ॲक्रिलिकच समजून चाला.

शिवाय या सगळ्यावर चिकटवलेले रंगीत पट्टे आणि कंपनीची नक्षी. त्यांच्या कडा हा गाडीचा सगळ्यात दुबळा भाग.

इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकत्र चालेल असं एकच औषध आहे: कोमट पाणी, थोडा साबण आणि पुष्कळ वेळ.

भिजवणं

करपलेलं पातेलं कुणी लगेच घासायला घेत नाही. आधी पाणी घालून बाजूला ठेवतो आणि दुसरं काम करतो. गाडीच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते कोण जाणे. कारण बहुधा एवढंच की पातेल्यात पाणी उभं राहतं, गाडीच्या तोंडावरून वाहून जातं. पाच मिनिटं पाइप मारला, ओलं दिसलं, की आपण समजतो भिजलं. ते भिजलेलं नसतं, वरवर ओलं झालेलं असतं. गोठलेल्या प्रथिनांत पाणी मुरायला दहा-पंधरा मिनिटं सलग ओल लागते.

म्हणून जुने टॉवेल. मोठे, मऊ, रंग न जाणारे. बादलीत कोमट पाणी घ्या, हात सहज घालता येईल इतकंच गरम. उकळतं पाणी नको, कारण त्याने प्रथिनं आणखी शिजतात. शिवाय काचेला आधीच खडा लागून बारीक टवका उडालेला असेल तर गरम पाण्याने तो तडकून पसरू शकतो. पाण्यात गाडी धुवायचा शाम्पू घाला. टॉवेल त्यात बुडवून न पिळता गाडीच्या तोंडावर थापा. ओला टॉवेल उभ्या पृष्ठभागालाही बऱ्यापैकी धरून राहतो. काचेवर तो वायपरच्या दांड्यांखाली अडकवता येतो, वर आरशांच्या दांड्यांना टोकं बांधता येतात. दर तीन-चार मिनिटांनी मगभर पाणी वरून सोडत राहा.

हे सगळं सावलीत आणि गार गाडीवर. पंजाची मागची बाजू पत्र्याला लावून बघा, ऊब लागली तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि किड्यांच्या डागात साबणाच्या डागांची भर पडते.

माझी आवडती वेळ भल्या पहाटेची. रात्रभर दव पडून किडे फुकटात भिजलेले असतात. ऊन यायच्या आत टॉवेल लावला तर निम्मं काम निसर्गाने करून ठेवलेलं असतं. रात्री मुक्कामाला पोचल्यावर झेपत असेल तर त्याहून उत्तम, कारण तेव्हा मलम अजून पुरतं बसलेलं नसतं.

पंधरा मिनिटांनी टॉवेलचा एक कोपरा उचलून बघा. मला हा क्षण बघायला आवडतो. मघाशी खडूसारखा कडक असलेला ठिपका फुगलेला असतो, कडा मऊ, रंग पिवळट, बोटाने हलकेच ढकलला तर सरकतो. टॉवेलच्या आतल्या बाजूला माशीचा पंख उमटल्यासारखा चिकटून आलेला असतो, शिरांसकट. पतंग असेल तर कापडावर चंदेरी भुकटी उतरते. ते त्याच्या पंखांवरचे खवले. ठिपका सरकत नसेल तर घासायची वेळ झालेली नाही. टॉवेल परत लावा आणि आत जाऊन बसा.

सरकू लागला की आधी पाण्याने धुऊन काढा, वरून खाली. मग मऊ मिट, म्हणजे गाडी धुवायचा हातमोजा, किंवा जाळी लावलेला किड्यांसाठीचा स्पंज भरपूर साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. हाताचं वजन पडेल तेवढाच जोर. गोल गोल फिरवण्यापेक्षा सरळ रेषेत फिरवा, म्हणजे चुकून ओरखडे पडलेच तर ते कमी नजरेत भरतात. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक स्पंज खळबळून घ्यायची. नाहीतर कायटिनचे तुकडे आणि रस्त्याची धूळ त्याच स्पंजमधून परत गाडीवर फिरते. मग एवढं भिजवून उपयोग काय?

आणि उंचीचं भान असू द्या. कपाळ जमिनीपासून तीन मीटरच्या आसपास असतं. लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या किंवा पक्की शिडी सपाट जमिनीवर लावा. बंपरवर चढून, एका हाताने आरसा धरून, साबणाच्या पाण्यात उभं राहायचं नाही. बंपर वजन पेलायला बनवलेला नसतो आणि ओला बंपर तर घसरगुंडी.

बाटल्या आणि घरगुती जादू

दोन वेळा भिजवूनही काही ठिपके उरतात. बहुधा ते चार दिवसांचे जुने असतात. तिथे किड्यांसाठी मिळणारा स्प्रे कामाचा. त्यात मुळात साबणासारखी द्रव्यं आणि सौम्य अल्कली असते, काहींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ही विकरं कात्रीसारखी प्रथिनांच्या साखळ्या तुकड्यातुकड्याने कापतात. पण कात्रीला वेळ लागतो आणि ओलही लागते. स्प्रे मारून लगेच पुसलात तर विकराचे पैसे फुकट. वाळू दिलात तर डाग. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढीच, आणि आधी एखाद्या कोपऱ्यात, रंगीत पट्टीच्या कडेला, थोडासा लावून बघा.

बाकी उपायांबद्दल माझं मत सरळ आहे. व्हिनेगर काचेवरच्या क्षारांच्या डागांना चांगलं, किड्यांना नाही. आम्लाने प्रथिनं सुटण्यापेक्षा घट्ट होण्याचीच शक्यता जास्त, आणि आम्लाचा त्रास तर आपल्याला आधीच आहे. कोलाची शिफारसही होते, त्यात फॉस्फोरिक आम्ल आणि साखर. म्हणजे आम्लाच्या डागावर आम्ल आणि वर माश्यांना बोलावणं. खायचा सोडा अल्कली म्हणून ठीक, पण न विरघळलेले कण ओरखडे पाडतात. भांड्यांचा साबण अडीनडीला चालतो, फक्त तो चरबीबरोबर गाडीवरचं मेणही उतरवतो, तेव्हा नंतर मेण लावायची तयारी ठेवा.

डब्ल्यूडी-४० सारखं तेल ठिपका सोडवतं हे खरं. रंगावर फडक्याने थोडंसं लावून लगेच साबणाने धुतलं तर फार बिघडत नाही. काचेवर मात्र चुकूनही नको, पहिल्या पावसात वायपर ते पसरवून समोरचं सगळं धूसर करतील.

कपडे सुकवायच्या यंत्रात टाकायचं ते सुगंधी कापड ओलं करून घासायचा सल्ला जगभर फिरतो. ते चालतंही. त्यावर कपडे मऊ करणारं द्रव्य असतं, ते साबणासारखंच काम करतं. पण त्याचं कापड खरबरीत असतं, रंगावर बारीक जाळं उमटवू शकतं. जादू कापडाची नसते, त्यातल्या द्रव्याची आणि पाण्याची असते. मग मऊ फडक्याने तेच का करू नये? पांढरा मेलामाइनचा "जादूचा" स्पंज तर अतिशय बारीक सॅंडपेपरच आहे. तो जिथे फिरतो तिथली चमक घेऊन जातो.

जोरदार पाण्याची मशीन वापरत असाल तर रुंद फवारा ठेवा, अंतर ठेवा, आणि खिडक्यांच्या कडा, सांध्यांतलं सीलंट, चिकटपट्ट्या यांवर थेट मारू नका. मोटरहोम ही चाकावरची खोली आहे, एका जागी पाणी आत शिरलं तर भिंतीच्या आतलं लाकूड कुजेपर्यंत बाहेर काही कळत नाही. किड्यांपेक्षा ते फार महाग.

पुढची काच

इथे सौंदर्याचा नाही, दिसण्याचा प्रश्न आहे. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या चरबीच्या पडद्यावर फुटतो आणि रस्ता नाहीसा होतो. चालत्या गाडीत काचेवर मोठा किडा आपटला की हात आपोआप वायपरकडे जातो. कोरडा वायपर फिरवू नका. आधी पाण्याची फवारणी भरपूर, दोन क्षण थांबा, मग वायपर. टाकीत साधं पाणी असेल तर किड्यांसाठीचं वॉशर द्रव घाला. आणि वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसा. धुतलेल्या काचेवर परत रेघा उमटतात त्यामागे बहुतेकदा रबरात अडकलेले पायच असतात.

खऱ्या काचेवर उरलेला एखादा हट्टी ठिपका नवीन पात्याने काढता येतो. काच साबणाच्या पाण्याने ओली, पातं जवळजवळ आडवं आणि एकाच दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही. मागे ओढताना पात्याखाली अडकलेला वाळूचा कण रेघ मारून जातो. हे फक्त काचेवर. ॲक्रिलिकच्या खिडकीवर पातं लावलेला एक गृहस्थ मला भेटला होता. खिडकी बदलावी लागली, तीही महिनाभर वाट पाहून. काचेमागे आरशाजवळ कॅमेरा असेल, बंपरमध्ये सेन्सर असतील, तर तेवढा भाग रोज पुसून घ्या. गाडीचे इशारे त्यांच्यावर चालतात.

जाळीच्या मागे

सगळं धुऊन झालं की ग्रिलमधून आत टॉर्च मारून बघा. रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या एसीच्या कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांत किडे, पानं, धूळ यांचा नमदा बसलेला असतो. हवा कमी जाते, एसी नीट थंड करत नाही, चढावर इंजिनचा काटा वर सरकतो. इंजिन बंद आणि पूर्ण गार असू द्या, किल्ली काढून घ्या, कारण विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो. साध्या पाइपाने कमी दाबाचं पाणी, जमेल तिथे आतून बाहेर, म्हणजे किडे आले त्याच वाटेने परत जातील. त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोटाने वाकतात, तिथे दाबाची मशीन लावली तर आडव्या होऊन हवा कायमची अडवतील.

पुढच्या वेळेसाठी

मेण किंवा रंगावर लावायचं संरक्षक सीलंट लावलेल्या गाडीवरही किडे चिकटतात, फक्त जेलकोटच्या छिद्रांत मुरत नाहीत आणि टॉवेलखाली लवकर सुटतात. निम्म्या वेळेत काम होतं, एवढंच ते, आणि एवढं पुष्कळ आहे. "किडे चिकटणारच नाहीत" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नासाने बोइंगबरोबर २०१५ साली हेच करून पाहिलं होतं. विमानाच्या पंखावर किड्यांचा थर बसला की त्यावरून सरळ वाहणारी हवा विस्कटते आणि इंधन जास्त लागतं. म्हणून लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमधून एका ७५७ विमानाची उड्डाणं करून पंखाच्या पुढच्या कडेवर वेगवेगळे न-चिकटू लेप तपासले. मुद्दाम किडे भरपूर असलेली जागा निवडून. त्यातल्या सर्वांत चांगल्या लेपाने किड्यांचा अवशेष सुमारे ४० टक्के कमी केला. विमानं बनवणाऱ्यांची मजल तिथवर, तर आपल्या मेणाच्या डबीकडून किती अपेक्षा ठेवायची?

पुढच्या भागावर ताणून बसवायचे कापडी मुखवटे मिळतात. मला ते पटत नाहीत. त्याखाली धूळ शिरते, वाऱ्यात कापड फडफडतं आणि खालचा रंग हळूहळू घासला जातो.

एक जाता जाता. पूर्वीइतके किडे आता काचेवर येत नाहीत असं जुने चालक म्हणतात, आणि ती नुसती आठवणींची गंमत नाही. जर्मनीतल्या ६३ संरक्षित जागांमध्ये सापळे लावून २७ वर्षं उडणाऱ्या किड्यांचं वजन मोजलं गेलं. २०१७ साली निष्कर्ष आले: पाऊण हिश्शाहून जास्त घट. ब्रिटनमध्ये २००४ साली आरएसपीबी या पक्षी-संरक्षण संस्थेने चालकांना नंबर प्लेटवर चिरडलेले किडे मोजायला लावले होते. तेव्हापासून नंबर प्लेट धुण्याआधी मीही एकदा मोजतो. आकडा कुठे लिहून ठेवत नाही.

शेवटी उरतात ते डाग, जे भिजवून, स्प्रेने, कशानेही जात नाहीत. नीट वाळवून बोट फिरवा. उंचवटा लागला तर अवशेष अजून आहे, पुन्हा भिजवा, किंवा भरपूर साबणाच्या पाण्यावर डिटेलिंगची क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. बोटाला काहीच लागलं नाही, नुसतं दिसतंय, तर किडा केव्हाच गेलाय आणि रंगात त्याचा ठसा उरलाय. तो साफसफाईने जाणार नाही, तिथे हलकं पॉलिश लागतं, म्हणजे वरचा थर थोडा झिजवणं. पारदर्शक थर केसाहून पातळ आहे हे लक्षात ठेवून दर डागामागे पॉलिशची डबी उघडू नका. लांबून दिसत नसेल तर राहू द्या.

माझ्या ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात आता एक फवाऱ्याची बाटली असते, शाम्पूचे चार थेंब घातलेलं पाणी, आणि एक घडी केलेलं मायक्रोफायबरचं फडकं. इंधन भरायला थांबलो की तेवढ्या वेळात काचेवर आणि कपाळावर हात पोचेल तिथपर्यंत फवारून ठेवतो, निघताना पुसतो. बाटलीतलं पाणी आठवड्याने बदलावं लागतं, नाहीतर वास येतो.